हॉलस्टाटच्या चर्चमध्ये रंगवलेल्या कवट्या का ठेवल्या आहेत?

थोडक्यात सांगायचं तर जागेची टंचाई. ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट हे सरोवर आणि उभा डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं गाव. वर कॅथलिक चर्चच्या अंगणात दफनभूमी आहे, पण ती इतकीशी की वाढवायला वावच नाही. म्हणून काही वर्षांनी जुनी कबर उघडायची, हाडं काढायची आणि ती जागा नव्या मृतासाठी द्यायची, अशी पद्धत पडली.

काढलेली कवटी स्वच्छ करून पांढरी होईपर्यंत उन्हात ठेवत. मग कपाळावर पानाफुलांची माळ रंगवायची, नाव लिहायचं. कबर गेली तरी माणसाची ओळख पुसली जाऊ नये, एवढीच त्यामागची माया. मला तरी त्यात भीतीदायक काही वाटत नाही. चर्चशेजारच्या सेंट मायकेल चॅपेलच्या तळघरात अशा १२००हून अधिक कवट्या आहेत, त्यातल्या सुमारे ६०० रंगवलेल्या. सगळ्यात अलीकडची एका बाईची. त्या १९८३ साली गेल्या, आणि त्यांच्याच इच्छेनुसार १९९५ मध्ये कवटी इथे ठेवली. तिच्यातला सोन्याचा दात आजही दिसतो.

आता दहनाला परवानगी असल्याने ही प्रथा जवळपास थांबली आहे.

आणि हो, फक्त कवट्या पाहून परतू नका. मुख्य चर्चमधली सोळाव्या शतकातली लाकडी कोरीव वेदी निवांत पाहा. मिठाच्या खाणीने या गावाला काय वैभव दिलं होतं, ते तिथे कळतं.