देवबागची होडी ठरवताय? आधी तिथी बघा

दुपारी मालवणजवळच्या देवबागला कर्लीच्या खाडीत फिरायचं असेल तर होडीवाल्याला फोन करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पुनवेला-अवसेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पाचला पाणी पार उतरलेलं. मग कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यांत होडी शिरतच नाही. मी पहिल्यांदा असाच गेलो, होडी वाळूत रुतली आणि उतरून ढकलावी लागली. (शेजारीच बायका गुडघाभर पाण्यात मुळे, म्हणजे शिंपले, वेचत होत्या. त्यांची करमणूक झाली.)

तेव्हा पंचमी ते अष्टमी धरा, चारच्या सुमारास निघा. उन्हाळ्यात दुपारी वारा जोर धरतो, खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर लाटा उठतात. सोबत लहान पोरं असतील तर आतल्या बाजूलाच फिरा. मध्ये एकदा इंजिन बंद करायला सांगाच. तिवरांच्या मुळांशी चिखलात खेकड्यांची खुडबुड ऐकू येते. लाइफ जाकीट घामाने चिकटलं तरी काढू नका. आणि भाडं माणशी की होडीमागे, ते किनाऱ्यावरच ठरवून घ्या.