काना गावचे लग्न आणि शनिवारचा पेग

ख्रिस्ती माणसाने मर्यादेत दारू घेतली तर ते पाप ठरते का, हा प्रश्न बेळगाव-खानापूर भागातील कुटुंबे मला वारंवार विचारतात. त्याविषयी एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बेळगावच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) घरातली, तो खानापूर तालुक्यातील कॅथलिक. लंडन मिशन या मिशनरी संस्थेने १८२० साली बेळगावात सुरू केलेले काम पुढे मेथडिस्टांकडे आले आणि दारू वर्ज्य असल्याचा संस्कार तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, इतका रुजला, की प्रभुभोजनाच्या प्याल्यातही न आंबवलेला रसच असतो. अमेरिकेतील टॉमस वेल्च या मेथडिस्टाने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस आंबू न देता टिकवला, तोही याच प्याल्यासाठी. उलट कॅथलिकांच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, आंबवलेला द्राक्षारसच (वाइन) लागतो, आणि त्याच्या घरी लग्नात वधूवरांसाठी प्याले उंचावण्याची रीत होती.

माझ्याकडच्या पहिल्या भेटीत दोघांनीही बायबलमधली वचनेच पुढे केली. प्रभू येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला आणि प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितले, असे तो म्हणाला. तिने इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला, जिथे द्राक्षारसाने मस्त होण्याची, म्हणजे झिंगण्याची, मनाई आहे. दोघांचेही वाचन बरोबर होते. बायबल पिण्याला सरसकट पाप म्हणत नाही, झिंगण्याला म्हणते, असे माझे मत आहे. तरीही दारूने घरे बसलेली पाहून जी मंडळी ती पूर्ण सोडते, तिचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

मात्र तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, शनिवारी दार उघडलं की मी आधी ह्यांच्या तोंडाचा वास घेते. माझी आईही पप्पांचा असाच घ्यायची." नवऱ्याने हे प्रथमच ऐकले.

"थोडी" म्हणजे किती, हे मी त्याला मोजायला लावले. शनिवारचे दोन पेग त्याने लगेच सांगितले, बिअर मात्र त्याच्या हिशेबातच नव्हती. तीस मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे चाळीस, म्हणजे चार पेगांइतका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की पूर्णपणे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. हे ऐकून तो अस्वस्थ झाला, आणि त्या अस्वस्थतेतच मी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचला: ज्याने आपला भाऊ अडखळतो, ते न खाणे, न पिणे बरे. येथे अडखळणारी त्याची पत्नी होती.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस पूर्ण थांबून पाहण्याचे त्याने स्वतःहून ठरवले. (रोज भरपूर पिणाऱ्याने असे एकदम थांबू नये, झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे.)

ईस्टरनंतर दोघे आले. घरात बाटली आणायची नाही, लग्नातला एक प्याला मात्र तिला चालेल, एवढे त्यांनी आपसात ठरवले होते. एका शनिवारी मित्राकडे प्यायल्याचे त्याने मान्य केले. त्यावर ती म्हणाली, "पण त्या रात्री मी वास घ्यायच्या आधीच ह्यांनी दारातच सांगितलं."