दहावी झाली? आता कागदांकडे बघ

इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा अभ्यास तू करशीलच, फक्त अकरावी सोडू नकोस. एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न तिथलेच असतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

खरी दमछाक कागदांची. राखीव प्रवर्गातून इंजिनीअरिंगला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह अकरावीतच टाक. जातीचा पुरावा म्हणून आमच्या आजोबांची शाळेतली नोंद शोधण्यातच दोन महिने गेले, सापडली ती गावच्या शाळेच्या जीर्ण रजिस्टरात! डोमिसाइलही आधीच काढ. जूनमध्ये सेतूबाहेरची रांग बघवत नाही.

आणि हो, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत तू भरलेल्या यादीतलं पहिलंच कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. मित्राची यादी उतरवू नकोस.