आधी वर्गात बसव, कागदाचं मागनं बघू

पोरी,

तुझं पत्र पोचलं. कर्नाटकातल्या अथणीकडच्या शाळेत रुजू होऊन महिना नाही झाला, तोवर ऊसतोडीच्या टोळीतली चार पोरं दारात उभी. दाखला नाही, जन्माचा कागद नाही. काय करू, म्हणतेस. आधी वर्गात बसव.

हे मी पदरचं सांगत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या पोराला वयाचा पुरावा नाही, जुन्या शाळेचा दाखला आला नाही, वर्ष निम्मं सरलं, यातल्या कुठल्याच कारणानं परत धाडता येत नाही. कुणी आडवं आलं तर कलम ५, १४ आणि १५ वाचून दाखव.

मला हे उशिरा उमगलं. एकदा दिवाळीनंतर बीडकडची एक पोर भावाला कडेवर घेऊन आली. ‘दाखला आण,’ म्हटलं. दाखला गावाकडं, बाप उसाच्या फडात, आणि मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय गाव कुठलं दिसतंय? ती पुन्हा आली नाही. पुढं एकदा फडाच्या कडेला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, पेंढ्या बांधताना दिसली. मी सायकल थांबवली नाही.

कडेवर भाऊ असेल तर त्यालाही येऊ दे. अंगणवाडी जवळ असली तर बरंच, नाहीतर मागच्या बाकावर झोपेल. त्याला हाकललंस तर बहीणही गेली म्हणून समज.

दहा वर्षांच्या पोराला पहिलीत घालू नकोस. कायदा वयाप्रमाणं वर्ग देतो आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. कन्नड अक्षर त्यांनी पाहिलेलंच नसतं. आपली पोरं दोन्ही भाषा बोलतात, त्यांच्या शेजारी बसव. पंतोजीपेक्षा ती लवकर शिकवतात.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ट्रक रातोरात निघतात. म्हणून फेब्रुवारीपासूनच मुख्याध्यापकांच्या मागं लाग. मागितल्याबरोबर दाखला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाहीतर पुढच्या शाळेच्या दारात हेच रामायण.

आणि बेळगावच्या स्टँडवर एकटं झोपणारं पोर दिसलं तर पोरांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन कर. त्याचं प्रकरण बालकल्याण समितीपुढं जातं. पण शाळेचा हक्क त्यालाही तेवढाच.

उद्या हजेरीत चौघांची नावं पेनानं लिही. पेन्सिलीनं नको.

तुझे सर