नवी एक्स-५ की तीन वर्षं वापरलेली? गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरला राहणारं दांपत्य, वयं ४३ आणि ४१. नवरा आयटी कंपनीत, बायकोचा आर्किटेक्ट म्हणून स्वतःचा व्यवसाय. कर वजा जाऊन दोघांचे मिळून महिन्याला ४.६० लाख हातात येतात. घराचा हप्ता ८२ हजार, घरखर्च १.६० लाख, एसआयपी ९० हजार. मुलं १४ आणि ११ वर्षांची. नवऱ्याच्या कंपनीचे अमेरिकेत सूचीबद्ध असलेले सुमारे ६० लाखांचे शेअर हातात आहेत. त्यातून बीएमडब्ल्यू एक्स-५ पेट्रोल घ्यायची आहे. नवी ९५ लाख एक्स-शोरूम. वापरलेली २०२२ची, ४१,००० किमी चाललेली, एका मल्टिब्रँड डीलरकडे ६४ लाखांना, आणि तशीच दुसरी बीएमडब्ल्यूच्याच 'प्रीमियम सिलेक्शन' या वापरलेल्या गाड्यांच्या दालनात वॉरंटीसह ६९ लाखांना. आत्ताची इनोव्हा क्रिस्टा विकायची आहे. काय करावं?

माझं मत आधीच सांगतो. नवी घेऊ नका. ६४ लाखांचीही घेऊ नका. ६९वाली किंवा तिच्यासारखी घ्या, पण भाव करून, आणि साधारण पाच महिन्यांनी.

आधी नव्या गाडीचा हिशेब. ९५ लाख हा आकडा फक्त शोरूमच्या फलकावरचा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो, म्हणजे १२.३५ लाख. डिझेल घेतलीत तर १५ टक्के. विमा साधारण सव्वातीन लाख. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) घेतो, म्हणजे ९५ हजार. ते विवरणपत्रात करापोटी वळते होतात, पण आयकर खात्याच्या पोर्टलवर नोंद आली की नाही हे तुम्हालाच तपासावं लागतं. रस्त्यावर येईपर्यंत गाडी १.१२ कोटींची, टीसीएस वजा करून १.११ कोटींची.

तुमची योजना आहे ४२ लाख रोख आणि ७० लाखांचं सात वर्षांचं कर्ज. ९ टक्क्यांनी हप्ता येतो १.१३ लाख आणि एकूण व्याज जवळजवळ २४.६ लाख. घराचा हप्ता, घरखर्च, गाडीचा हप्ता आणि गाडी चालवण्याचे महिन्याचे सुमारे ३५ हजार (पेट्रोल, विमा, सर्व्हिस, टायर) वजा केले की ७० हजार उरतात. एसआयपी ९० हजारांची आहे. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ती मोडायची, आणि तीही मोठ्या मुलाच्या कॉलेजला चार वर्षं राहिलेली असताना. या एका कारणानेच नवीचा पर्याय माझ्या दृष्टीने बाद होतो. 'कमी हप्ता, शेवटी मोठी रक्कम, बायबॅकची हमी' ही योजनाही कुणी पुढे करेल. तिच्यात किलोमीटरची मर्यादा आणि ओरखड्यांची वजावट असते, आणि शेवटची मोठी रक्कम नेमकी कॉलेजच्या फीच्या आसपास देय होते.

आता पाच वर्षांचा खर्च. वर्षाला १२,००० किमी, शहरात लिटरला ८ किमी, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दोन्ही गाड्यांना इंधन सारखंच, सुमारे ८ लाख. नवी पाच वर्षांनी ४३ लाखांना जाईल असं धरतो, म्हणजे घसारा ६८ लाख. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा ८.८ लाख, सर्व्हिस साडेतीन, टायरचा एक संच २.२ लाख. एकूण साडेनव्वद लाख. वापरलेली ६९ लाखांना घेतली आणि नऊ वर्षांची झाल्यावर २० लाखांना विकली, तर घसारा ४९. विमा ८, टायर २.२, वॉरंटीतल्या दोन वर्षांची सर्व्हिस १.६ आणि पुढची तीन वर्षं दुरुस्तीसह दरवर्षी ३ लाख. एकूण सुमारे ७८ लाख.

फरक साडेबारा लाखांचा, महिन्याला एकवीस हजारांचा. वापरलेली घेतली की निम्म्यात भागतं ही समजूत इथेच संपते. खरेदीच्या वेळी वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात, कारण तीन वर्षांनी गाडी ४० टक्क्यांनी स्वस्त होते, पण तिचा हेडलॅम्प, टर्बो किंवा एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर नव्या गाडीच्याच भावाने मिळतो. तरीही वापरलेलीच घ्या म्हणतो, कारण सुरुवातीला ४२ लाख कमी अडकतात. करानंतर ५ टक्क्यांनीही ते पाच वर्षांत साडेअकरा लाख कमावतात. एकूण फायदा २४ लाखांच्या घरात जातो.

आणखी एक कारण आहे. आलिशान गाड्यांची नवी किंमत धोरणाने बदलते, आणि फटका आधीच्या मालकाला बसतो. मे २०२४मध्ये रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणी पुण्यात करण्याचं जाहीर झालं आणि तिची किंमत १.४० कोटींपासून सुरू होईल असं ठरलं. त्याआधी आयात केलेली गाडी घेणाऱ्यांच्या पुनर्विक्रीची काय अवस्था झाली असेल ते वेगळं सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांऐवजी सरळ ४० टक्के झाला, म्हणजे पूर्ण लाभ दिला तर किमतीत सुमारे ६.७ टक्के घट. ब्रिटनबरोबर जुलै २०२५मध्ये झालेल्या करारानुसार तिथून येणाऱ्या गाड्यांचं आयात शुल्क कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. अशा काळात एक कोटीच्या वर अडकवण्यापेक्षा ६९ लाख अडकवणं शहाणपणाचं. भाव करतानाही हे हाताशी ठेवा: डीलर तुलनेला सप्टेंबरपूर्वीची नवी किंमत सांगत असेल तर ती मान्य करू नका, आजचं कोटेशन समोर ठेवा.

६४ आणि ६९मधले पाच लाख कशाचे? एक्स-५ची मूळ वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे २०२२ची गाडी वाढीव वॉरंटी नसेल तर उघड्यावर आहे. ६९वालीबरोबर किती महिन्यांची वॉरंटी, कोणते भाग वगळलेले, दाव्याची कमाल मर्यादा किती, हे लेखी घ्या. दोन वर्षं पूर्ण आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग), सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यात असतील तर पाच लाख वाजवी आहेत. एकच वर्ष असेल तर ६६च्या वर जाऊ नका.

कोणतीही निवडलीत तरी टोकन देण्याआधी अनुभवी स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करा. १५-२० हजार लागतील, द्या. काय पाहायचं ते नीट सांगतो, कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. डीलरने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत जा. इंजिनाला तेलाची गळती आहे का पाहा, विशेषतः ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटपाशी. कूलंटच्या प्लॅस्टिक नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात, सांध्यांवर वाळलेल्या कूलंटचा डाग दिसतो का तेही पाहा. आठ गिअरचा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स चांगला आहे, पण त्याचं तेल आयुष्यभर पुरतं यावर विश्वास ठेवू नका. ८० हजार ते १.२ लाख किमीच्या दरम्यान बदलावं असं झेडएफच सांगते. तुमच्याकडे असताना ते लागणार, म्हणून तो खर्च आजच धरा.

टायर म्हणजे या गाडीतला लपलेला खर्च. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे जुने असतील तर चाकांचा परीघ बदलतो, चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घसरतो आणि झिजतो. हळू वळवताना गाडी धक्के देत असेल तर कारण बहुधा तेच. टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. पाच वर्षं झाली असतील तर दोन-सव्वादोन लाख भावातून वजा करा. रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या) टायरच्या भिंती कडक असतात, म्हणून खड्ड्याचा मार रिमला बसतो. चारही रिम लिफ्टवर फिरवून वाकलेले नाहीत ना पाहा.

ज्या प्रकारात एअर सस्पेन्शन आहे तिथे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर बेलोज, म्हणजे हवेची रबरी पिशवी, गळतोय. गळका बेलोज तसाच ठेवला की कॉम्प्रेसर भरपाईसाठी सारखा चालतो आणि तोही जळतो, एका दुरुस्तीच्या दोन होतात. बॅटरी बदललेली असेल तर ती गाडीच्या संगणकात नोंदवली का विचारा. नोंदवली नाही तर जुनी समजूनच चार्ज होते आणि लवकर जाते.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी ओळखणं पुण्या-मुंबईत फार महत्त्वाचं. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं, ते आठवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ पाहा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, डिकीतला गालिचा उचला. या गाड्यांची बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल खालच्या भागात असतात, म्हणून फूटभर पाणीही महिन्यांनंतर बिघाड दाखवतं.

चॅसी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपकडे सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि स्कॅनरने निरनिराळ्या मॉड्यूलमधले किलोमीटर मीटरशी ताडून पाहा. प्रलंबित रिकॉलही (दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या) तिथेच कळतील. बीएमडब्ल्यूने सप्टेंबर २०२४मध्ये ब्रेक प्रणालीमुळे जगभरातल्या सुमारे १५ लाख गाड्या रिकॉलखाली आणल्या होत्या. तुमची त्यात आहे का ते नंबरवरूनच समजेल.

दिल्लीची गाडी चार-पाच लाखांनी स्वस्त दिसेल. तिथून फॉर्म २८ची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार पुन्हा रस्ता कर, तिथला कर परत मिळवायची खटपट वेगळी. राज्यातलीच घ्या. फॉर्म २९ आणि ३०वर हस्तांतर होतं, विक्रेत्याचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्या.

विम्यात एक गोष्ट चुकवू नका. विक्रेत्याची पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्यायची, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. त्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. पण तुमच्या जुन्या क्रिस्टाचा ५० टक्के बोनस तुमचा आहे. ती विकताना कंपनीकडून पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या पॉलिसीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता निम्मा करतं.

गाडी तुमच्या पत्नीच्या व्यवसायात दाखवावी का, असंही विचारलंत. स्वतःच्या नावाचा व्यवसाय असल्यामुळे १५ टक्के घसारा वापराच्या प्रमाणात मिळेल. वापर ४० टक्के धरला तर पहिल्या वर्षी ६९ लाखांवर ४.१४ लाखांची वजावट, म्हणजे ३१.२ टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १.३ लाखांचा कर वाचतो. आर्थिक वर्षात सप्टेंबरनंतर घेतलीत तर पहिल्या वर्षी निम्मं. जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. कंपनी स्थापून तिच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सोडा, कंपनीच्या नावावरच्या नव्या गाडीला इथे २० टक्के कर आहे. साइट-भेटींची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

पैसे कुठून? शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवलेले असतील तर नफ्यावर १२.५ टक्के कर, अधिभार आणि उपकर वेगळे. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार नफा १८ लाख, म्हणजे कर २.२५ लाखांच्या वर. हातात ५७ लाख येतील. क्रिस्टाचे १२ लाख मिळून ६९. हे सगळं गाडीत घातलं तर दुरुस्तीला काहीच उरत नाही, आणि वापरलेल्या गाडीचं कर्ज नवीपेक्षा दोन-चार टक्क्यांनी महाग. आज तुमच्याकडे सगळं भागून महिन्याला १.२८ लाख शिल्लक राहते. पाच महिने ती लिक्विड फंडात टाका, सहा लाख जमतील. ते फक्त गाडीच्या दुरुस्तीचे, दुसऱ्या कशाचे नाहीत. तोवर ही ६९ लाखांची गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली तरी तशा गाड्या येत राहतात, आणि जानेवारी उलटला की त्याच नोंदणी-वर्षाचा भाव आणखी उतरलेला असतो.

टोकन देताना पावतीवर तीन ओळी लिहून घ्या: तपासणीत दोष निघाला, पुराचा किंवा मोठ्या अपघाताचा पुरावा सापडला, किंवा बँकेची एनओसी ३० दिवसांत आली नाही तर पूर्ण रक्कम परत. ही अट न मानणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.