वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रायफलीचा गज बदलताना

प्रश्न : ठासणीच्या रायफलीचा लाकडी गज, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीच्या दारूवर गोळी ठासायची काठी, मोडला. सुतारकामाच्या दुकानात त्याच जाडीची गोल काठी मिळते. ती कापून टोकाला धातूचे टोपण बसवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अशा काठ्या करवतीने कापलेल्या फळीतून यंत्रावर गोल करतात. यंत्र लाकडाचे तंतू कुठे चाललेत ते पाहत नाही, त्यामुळे तंतू काठीच्या कडेने तिरके बाहेर पडतात. गोळी ठासताना गज वाकला की लाकूड नेमके त्या तिरक्या रेषेवर तुटते आणि मोडलेले टोक भाल्यासारखे लांब, अणकुचीदार निघते. हात तेव्हा पूर्ण जोराने खाली येत असतो. तळहातातून आरपार गेलेल्या गजाच्या दुखापती अशाच होतात.

काठी उजेडात धरून रेषा पाहा. एका टोकापासून निघालेली रेषा दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी. वीतभरात कडेला निसटणारी एक जरी रेषा दिसली तरी ती काठी घेऊ नका. मग जाड हातमोजे घालून दोन्ही टोके धरा, हलकेच वाकवा आणि थोडी थोडी फिरवत पुन्हा वाकवा. कमान सगळीकडे सारखी आली पाहिजे. एकाच जागी कोन पडत असेल तर तिथे गाठ किंवा तिरके तंतू आहेत. लाकूड हिकरीचे उत्तम, त्याखालोखाल अ‍ॅशचे. पण तिरक्या रेषेच्या हिकरीपेक्षा सरळ रेषेचे अ‍ॅश केव्हाही बरे.

प्रश्न : गज घरीच करायचा आहे. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : लाकूड कापू नका, फोडा. वाळलेल्या सरळ ओंडक्याला पाचरीने किंवा जाड पात्याच्या सुऱ्याने चिरत जा. चीर आपोआप तंतूंच्या बाजूने जाते, त्यामुळे फोडलेला तुकडा थोडा वाकडा निघाला तरी त्यातले तंतू अखंड असतात. वाकडेपणा नंतर काढता येतो, तुटलेले तंतू जोडता येत नाहीत.

९.५ मिमीचा गज हवा असेल तर फोडलेला तुकडा रंध्याने १२ मिमी चौरस करा. चारही कडा सारख्या उतरवून अष्टकोन करा. आठही बाजू साधारण ५ मिमी आल्या की माप बरोबर समजा. आता रंध्याचे पाते अगदी कमी काढून आठाच्या सोळा बाजू करा. मग ६ मिमी जाडीच्या पोलादी पट्टीत ११, १०.५, १० आणि ९.५ मिमीची भोके पाडा आणि गज त्यांतून क्रमाने ठोकत पुढे न्या. भोकाची वरची कडा धारदार राहिली पाहिजे, कापते तीच. एकदम मोठी उडी मारली तर लाकूड कापले न जाता तंतू उपटून येतात. शेवटी काचपेपर लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवलात तर बारीक आडवे ओरखडे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो.

वाकडा भाग हीट गनने तापवायचा. त्याआधी त्या जागी जवसाचे तेल चोळा, लाकूड हाताला सोसणार नाही इतके गरम होऊ द्या, हव्या त्या दिशेला किंचित जास्त वाकवा आणि थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवा. रंग तपकिरी होऊ लागला तर उष्णता जास्त झाली. करपलेले लाकूड ठिसूळ होते.

प्रश्न : साफ करताना चिंधी अडकली. ओढली तर गजाचे पितळी टोपण नळीतच राहिले. चांगला गोंद कोणता?

उत्तर : गोंद कितीही चांगला असला तरी एकट्याने पुरत नाही, आडवी पिन हवीच. ठासताना टोपण लाकडावर दाबले जाते, त्यामुळे तेव्हा सगळे ठीक वाटते. उलटे ओढताना मात्र सगळा ताण जोडावर येतो. तेल आणि काळ्या दारूची काजळी जोडात मुरून गोंदाची पकडही हळूहळू सुटत जाते.

टोपणाचा आतला व्यास ८ मिमी आणि खोली २० मिमी आहे असे धरू. गजाचे टोक तेवढ्या लांबीत ७.९ मिमीपर्यंत कानसीने उतरवा. सुरीने किंवा करवतीने गोल खाच पाडून उतरवू नका. ती खाच तंतू तोडते आणि पुढचा गज तिथेच मोडतो. खांदा काटकोनी न ठेवता थोडा उतरता ठेवा. टोपण आतून खरवडून स्पिरिटने पुसा, दोन भागांचे एपॉक्सी लावून बसवा आणि २४ तास हात लावू नका. मग टोपणाच्या काठापासून १० मिमीवर २ मिमीचे आरपार भोक पाडा, पितळी तार ठोका, दोन्ही टोके हातोडीने किंचित पसरवून कानसीने सपाट करा. भोक टोपणातल्या आट्यांच्या (साफसफाईची अवजारे फिरवून बसवायच्या) पोकळीत जाणार नाही हे आधी मोजून घ्या.

आट्यांबद्दल एक सावधगिरी. बाजारातली बहुतेक टोपणे ८-३२ किंवा १०-३२ या अमेरिकी मापांच्या आट्यांची असतात. १०-३२ चा व्यास ४.८३ मिमी आणि एम-५ या मेट्रिक मापाचा ५ मिमी. दोन्हींचे आटे जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे एम-५ स्क्रू एकदोन फेरे आत जातो आणि जोर लावला की पितळी आटे कापून टाकतो.

प्रश्न : जाडी आणि लांबी कशी ठरवायची?

उत्तर : जाडी आधी दस्त्याच्या कड्या (गज ज्यांत अडकवून ठेवतात त्या) ठरवतात, बोअर (नळीचा आतला व्यास) नंतर. सर्वांत अरुंद कडी मोजा आणि गज तिच्यापेक्षा ०.४ मिमी बारीक ठेवा. दमट हवेत लाकूड फुगते. त्याला जागा नसेल तर गज ऐन वेळी कडीत अडकतो. .५० इंची बोअरला ९.५ मिमी, .५४ ला ९.५ किंवा ११ मिमी, .४५ ला ८ ते ९.५ मिमी योग्य. .३२ चा बोअरच ८.१ मिमी असतो, तिथे ६.३५ मिमीच्या वर जाऊ नका.

लांबी मोजण्याआधी टोपी (बार पेटवणारी छोटी कॅप, गजाचे टोपण नव्हे) काढा आणि नळी रिकामी असल्याची खात्री करा. गज आत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर बोट धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. टोक निपलच्या (टोपी जिच्यावर बसते त्या नळकांडीच्या) जवळपास पोचले तर नळी रिकामी. काही सेंटिमीटर अलीकडेच थांबले तर आत बार (दारू आणि गोळी) आहे असेच समजा. रिकाम्या नळीत गज तळाला टेकल्यावर तोंडाशी एक खूण करा आणि नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. पुढे प्रत्येक वेळी गोळी दारूवर नीट टेकली का, हे दुसरी खूण सांगते. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

दस्त्यात मावणारा गज बहुधा नळीच्या तळापर्यंत जेमतेम पोचतो, साफसफाईला हातात काही उरत नाही. गज लांब करून तोंडापुढे बाहेर काढण्यापेक्षा १० ते १५ सेंमीचा आटे असलेला जोडतुकडा जवळ ठेवा.

प्रश्न : फायबरग्लास किंवा धातूचा गज घेतला तर लाकडाची कटकटच नको, नाही का?

उत्तर : मोडण्याची भीती कमी होते हे खरे. पण फायबरग्लासचा पृष्ठभाग झिजला की काचेचे तंतू उघडे पडतात. ते हातात रुततात आणि नळीच्या तोंडाशी रायफलिंग (आतले पीळदार चर) घासतात. नेम तोंडाजवळच्या चरांवर अवलंबून असतो, म्हणून ही झीज महागात पडते. नायलॉनसारखे प्लास्टिक मोडत नाही, पण घट्ट गोळी ठासताना लवलवते. सरावासाठी आमची पसंती गुळगुळीत पोलादी गजाला, तोही तोंडात बसणारी पितळी किंवा प्लास्टिकची मार्गदर्शक चकती लावून. दस्त्यात मात्र लाकडीच असू द्या. कोणताही गज प्रत्येक वेळी पुसायचा, कारण चिकटलेली काजळी आणि धूळ कानसीचे काम करते.

प्रश्न : गज महिनाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला तर लवचीक होतो म्हणतात.

उत्तर : ही जुनी पद्धत आहे. पाणी थोडे कमी शोषले जाते, इतकाच भरवसा धरा. तिरक्या तंतूंचा गज रॉकेलने सरळ तंतूंचा होत नाही. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, तेवढेच काम करतात.

प्रश्न : दोन चांगले गज एकाच वर्षात मोडले. दोन्हींच्या रेषा सरळ होत्या.

उत्तर : मग पकड तपासा. गज वरच्या टोकाला धरून एका झटक्यात खाली दाबला की मधला भाग धनुष्यासारखा वाकतो. नळीच्या तोंडापासून १५ ते २० सेंमीवर धरा, तेवढेच खाली ढकला, पुन्हा वर धरा. तळहात गजाच्या टोकावर कधीही ठेवू नका आणि चेहरा नळीच्या तोंडासमोरून बाजूला ठेवा. गोळी मध्येच जड जाऊ लागली तर कारण बहुधा साचलेली काजळी किंवा गोळीभोवतीची फार जाड चिंधी असते. गोळी तळाला टेकवल्याशिवाय बार उडवू नका. पुढच्या वेळेपासून दर तीन-चार बारांनंतर ओलसर चिंधीने नळी पुसा, किंवा गोळीभोवतीची चिंधी थोडी पातळ घ्या. आणि टोपी चढवण्याआधी गज दस्त्यात परत गेला आहे हे डोळ्यांनी पाहा. नळीत राहिलेला गज गोळीबरोबर बाहेर फेकला जातो आणि नळीही फुटू शकते.