सेमिनारमध्ये तोंडच उघडत नाही, कोर्स बदलू का?

"ताई, मी परभणीकडच्या एका खेड्यातली, पुण्यात एमए सोशॉलॉजी करते. सेमिनार कोर्स घेतलाय, बाराजण टेबलाभोवती बसतो, सगळे इंग्लिशमधे बोलतात. दुसऱ्याच आठवड्यात माझा एक उच्चार चुकला नि कुणीतरी हसलं, तेव्हापासून मी गप्प. बोलण्याला मार्क आहेत. सध्या आंबेडकरांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा जातींवरचा पेपर चालू आहे, पंधरा दिवसांनी त्यावरच माझं प्रेझेंटेशन. परवा सगळे 'सरप्लस वुमन'वर तासभर बोलले आणि मी झेरॉक्सच्या मार्जिनमधे पेन्सिलीने नुसतं 'आत्या' लिहून बसले. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, तिचं परत लग्न केलं नाही. कोर्स बदलू का?"

अगं नको बदलू. हसणाऱ्याचं चुकलंच, त्यात तुझं काही नाही. पण मी अडकले ते त्या 'आत्या' शब्दाशी, कारण त्या तासभरात मुद्द्याच्या सगळ्यात जवळ तूच होतीस असं मला मनापासून वाटतं.

तू जो पेपर वाचतेयस तो मुळात सेमिनारमध्येच वाचलेला आहे, माहितीये ना? 9 मे 1916, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार, आणि वाचणारा मुलगा 25 वर्षांचा, परदेशात, परक्या भाषेत. त्याने सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर (तेच, ज्ञानकोशवाले) अशा चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या आणि कुणाचं कुठे कमी पडतं ते एकेक करून दाखवलं. आणि शेवटी काय म्हणाला, तर माझी थिअरी टिकत नाही असं कुणी दाखवलं तर मी ती सोडायला तितकाच तयार आहे. ते शेवटचं पान आज रात्री परत वाच.

आता आत्या. जातीतच लग्न करायचं तर बाया नि पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी, नवरा मेला की बायको जादाची होते, मग तिला जाळा नाहीतर जन्मभर विधवा ठेवा, असं आंबेडकर मांडतात. पुढे अजून एक गोष्ट आहे जी वर्गात बहुतेक कुणी धरली नसेल, की या चाली वरून खाली नकलेने पसरल्या, ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी सगळ्या उचलल्या, लांबच्यांनी कमी कमी. आपल्याकडे कितीतरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचे, मोहतूर म्हणायचे त्याला. मग तुमच्या घरात आत्याचा का नाही लावला? आजीच्या वेळी लावत होते का? लावत असतील तर थांबलं कधी, नि कुणाचं बघून? हा खरा प्रश्न आहे गं, आणि त्याचं उत्तर उलटंही निघू शकतं, म्हणजे आंबेडकरांचं म्हणणं तुमच्या गावाला लागू होत नाही असंही. तसं निघालं तर तसंच सांग.

पण एक ऐक, आत्याचं नाव, तिची गोष्ट टेबलावर मांडायलाच हवी असं काही नाही. ती गोष्ट तिची आहे. तिला विचार, नको म्हणाली तर "आमच्या भागात" म्हणून बोल.

भाषेचं म्हणशील तर आधी पानभर मराठीत लिही, जसं मला लिहिलंस तसं, मग त्याचं इंग्लिश कर, छोटी वाक्यं. रूममेटसमोर दोनदा मोठ्याने वाच. त्याआधी मॅडमच्या (की सर?) केबिनमध्ये जाऊन सरळ सांग की अडलं तिथे मी मराठीत बोलेन, चालेल का. हसण्याचं पण सांग, लपवू नको, वर्ग सांभाळणं त्यांचं काम आहे. आणि पंधरा दिवस थांबू नको, पुढच्याच तासाला पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलून टाक, नुसतं "पान अमुकवर हे मला कळलं नाही" एवढं चालेल, कारण जितका उशीर करशील तितकं घशात अडकत जातं, मी स्वतः अख्खी टर्म तशी घालवलीये.

आत्याला रविवारी फोन कर, तिची कामं उरकल्यावर, निवांत. पाटाचं लगेच नको काढू, आधी आजीच्या वेळची लग्नं कशी व्हायची ते विचार, ती आपणच तिथे येईल. आणि काय म्हणाली ते मला लिही.